विहिरीतले चौकोनी स्फटिक: क्वार्ट्झ आहे, पण चौकोनी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. संगमेश्वर तालुक्यात तुमच्या मामांच्या वाडीत विहिरीचं काम चालू आहे. वरचा जांभा, त्याखालचा मऊ मुरूम संपून काळा दगड लागला. सुरुंग उडवल्यावर त्या दगडात नारळाएवढी पोकळी उघडी पडली आणि आतल्या बाजूला करंगळीच्या नखाएवढे राखाडी-पांढरे, जवळजवळ चौकोनी खडे चिकटलेले दिसले. काही सुटे झाले, ते तुम्ही घरी आणलेत. खडा काचेवर ओढला तर ओरखडा उठतो, लिंबाच्या रसात फेस येत नाही. वाडीत कुणी हिरे म्हणालं. चिपळूणच्या ओळखीच्या गृहस्थांनी फोटो बघून ॲपोफिलाइट सांगितलं. मोबाइलमधल्या ॲपने फ्लोराइट ठरवलं. तुमचा स्वतःचा कल क्वार्ट्झकडे, म्हणजे आपल्या गारेकडे आहे, पण क्वार्ट्झ म्हणजे सहा बाजूंचा दांडा आणि वर टोक, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. मग हा चौकोनी कसा?

माझं मत: तुमचा कल बरोबर आहे. हा क्वार्ट्झ आहे आणि बहुधा त्याच्या त्या प्रकारातला, ज्याला स्यूडोक्युबिक क्वार्ट्झ म्हणतात. म्हणजे घनासारखा दिसणारा, पण घन नसलेला. ‘बहुधा’ काढून टाकायला एक गोष्ट बघायची राहिली आहे, ती खाली सांगतो.

हिऱ्याचं आधी निकालात काढू. आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हिरा फार खोलवरून, किंबरलाइटसारख्या वेगळ्याच खडकातून वर येतो. आपल्या देशात त्यासाठी मध्य प्रदेशातलं पन्ना प्रसिद्ध आहे. संगमेश्वरच्या विहिरीत तो शोधू नये. काच ओरखडते म्हणून हिरा, हा समज मात्र गावोगावी पक्का आहे. रस्त्यावरची साधी गारगोटीही काच ओरखडते.

आता ॲपोफिलाइट आणि फ्लोराइट. ही नावं ज्यांनी घेतली त्यांना हसण्यासारखं काही नाही. लाव्हा थंड होताना त्यातला वायू बाहेर पडायला बघतो आणि घावनाला जाळी पडते तशी थराच्या वरच्या भागाला जाळी पडते. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपतं, आजूबाजूच्या दगडातली सिलिका (क्वार्ट्झ ज्याचा बनतो ते द्रव्य), कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर साठवतं. बहुतेक वेळा भिंतीला लागून आधी हिरवट मातकट पापुद्रा येतो, मग कॅल्सेडनी (अतिबारीक कणांची गार) किंवा क्वार्ट्झ, मग स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट अशी झिओलाइट मंडळी (अंगात पाणी धरणारी खनिजं), ॲपोफिलाइट, आणि बऱ्याचदा शेवटी कॅल्साइट. क्रम दर पोकळीत असाच सापडेल असं नाही. पुण्या-नाशकाकडच्या खाणींनी या खनिजांमुळे जगभर नाव कमावलं आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा जाऊन या. फोटोत जे कळत नाही ते तिथे डोळ्यांना कळतं. तर अशा दगडातून चौकोनी, चकचकीत खडा निघाला की ॲपोफिलाइटचं नाव तोंडावर येणारच. मीही आधी तेच तपासलं असतं.

पण तुम्ही स्वतःच त्याला बाद केलं आहे, काचेवर ओढून. मोह्सच्या 1 ते 10 या मोजपट्टीवर ॲपोफिलाइटची कठीणता 4.5 ते 5, फ्लोराइटची 4, कॅल्साइटची 3. काच साधारण 5.5 च्या आसपास. क्वार्ट्झ 7. ही चाचणी बरोबर केली असेल तर पहिल्या तिघांपैकी कुणीही उत्तीर्ण होत नाही. ‘बरोबर केली असेल तर’ यासाठी म्हणतो की मऊ खडा काचेवर घासला की त्याचीच पूड काचेवर रेघेसारखी बसते आणि लोक तिलाच ओरखडा समजतात. म्हणून रेघ उठल्यावर ओल्या बोटाने पुसा, आडवं नख फिरवून बघा. नखाला खाच लागली तर काच कापली गेली. लागली नाही तर खडाच झिजला. खिडकीची किंवा टेबलाची काच वापरू नका, लोणच्याच्या रिकाम्या बाटलीचा तळ पुरे. खडा दाबून धरायचा, एकदाच ओढायचा आणि शक्यतो तुटक्या कोपऱ्याने; चांगला कोपरा बाटलीवर घालवू नका.

लिंबाच्या रसाने मात्र फार काही सिद्ध होत नाही. लिंबाचं आम्ल सौम्य असतं; अख्ख्या कॅल्साइटच्या गुळगुळीत पैलूवरही ते कधी कधी इतके बारीक बुडबुडे देतं की दिसत नाहीत. कॅल्साइट तपासायचा तर कणभर पूड करून तिच्यावर थेंब टाकावा. तुमच्या बाबतीत गरज नाही, काचेने ते काम केलं आहे.

फोटोंकडे येतो. पाचपैकी तिसरा फोटो सगळ्यात कामाचा. त्यात उजवीकडचा मोठा खडा बघा. वरचा कोपरा अखंड आहे. त्या कोपऱ्यातून तीन कडा खाली उतरतात आणि प्रत्येक कडेच्या शेवटी, खालच्या कोपऱ्यावर, बारीक त्रिकोणी पैलू आहे. एक स्पष्ट दिसतो, दुसरा उजेडामुळे चमकून गेलाय, तिसरा अर्धा सावलीत आहे. या तीन त्रिकोणांवर माझं निम्मं मत उभं आहे.

कारण असं. नेहमीच्या क्वार्ट्झच्या टोकाशी जे सहा पैलू दिसतात ते दिसायला सारखे असले तरी एका घराण्यातले नाहीत. एकाआड एक तीन एका संचातले, मधले तीन दुसऱ्या संचातले. बहुतेक स्फटिकांत पहिला संच मोठा आणि दुसरा लहान असतो. टोकाकडे नीट बघितलंत तर तीन पैलू रुंद आणि तीन अरुंद हे कित्येकदा लक्षात येतं. आता कल्पना करा की खालचा सहा बाजूंचा दांडा वाढलाच नाही, दुसरा संच जवळजवळ नाहीसा झाला आणि पहिल्या संचाचे वरचे तीन आणि खालचे तीन पैलूच उरले. सहा पैलूंचा ठोकळा तयार झाला. तो घन दिसतो, पण त्याचे कोन 90 नाहीत. शेजारच्या दोन पैलूंमधला आतला कोन सहा कडांवर सुमारे 94 अंश आणि उरलेल्या सहा कडांवर सुमारे 86 अंश भरतो. जिथे 94 च्या तिन्ही कडा एकत्र येतात असे दोनच कोपरे असतात, समोरासमोरचे. तीच स्फटिकाच्या मुख्य अक्षाची टोकं. दुसरा संच थोडासा शिल्लक असेल तर तो बाकीच्या सहा कोपऱ्यांवर लहान त्रिकोणांच्या रूपात दिसतो. आठपैकी सहा कोपरे कापलेले आणि दोन साबूत: फ्लोराइटच्या खऱ्या घनाला हे जमत नाही, कारण त्याचे आठही कोपरे एकमेकांच्या बरोबरीचे असतात. ॲपोफिलाइटचेही कोपरे कापले गेले तर आठही कापले जाण्याकडे कल असतो. शिवाय त्याचे दोन पैलू मोत्यासारख्या झाकेचे, बाकी चार काचेसारखे आणि त्या चारांवर उभ्या बारीक रेघा, हा फरक खडा हातात फिरवला की लगेच कळतो. तुमच्या फोटोंत सगळ्या पैलूंची झाक एकसारखी आहे.

पैलूंचं आकारमान कमी-जास्त होतं, कोन होत नाहीत. ही गोष्ट डेन्मार्कच्या निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने 1669 मध्ये मांडली आणि तीही क्वार्ट्झचे स्फटिक बघूनच. दांडा लांब असो, आखूड असो की नसोच, एका जोडीचे पैलू एकमेकांशी तोच कोन धरतात. म्हणून आकार बघून नाव द्यायचं नाही, कोन बघून द्यायचं. फोटो ओळखणारी ॲप्स नेमकी इथे घसरतात. त्यांना आकार आणि रंग दिसतो. 90 आणि 94 मधला फरक तिरप्या फोटोत कुणालाच दिसत नाही.

तुम्हाला मात्र तो घरात मोजता येईल. विहिरीच्या कामावर गवंडी असेलच, त्याचा लोखंडी गुण्या मागून घ्या. खड्याची एक कड गुण्याच्या आतल्या काटकोनात बसवा, एक पैलू एका पट्टीला पूर्ण चिकटवा आणि खिडकीकडे तोंड करून दुसऱ्या पट्टीकडे बघा. कोन 90 असेल तर उजेड येणार नाही. 94 असेल तर खडा कोपऱ्यात पूर्ण जाणार नाही, कडेशी पाचर उरेल. 86 असेल तर पट्टीच्या टोकाकडे पाचर उघडेल. एका खड्याच्या दोन-तीन वेगवेगळ्या कडा तपासा. कुठे अशी, कुठे तशी पाचर दिसली की समजा ठोकळा तिरका आहे. गुण्या मोठा आणि खडा लहान म्हणून हात थरथरतो. खडा थोड्या मळलेल्या कणकेत रोवला की काम सोपं होतं. आकडा हवा असेल तर जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या टाचणीने जोडून, त्या दोन पैलूंवर टेकवून, मग तो कोन कंपासपेटीतल्या कोनमापकावर वाचा. पट्ट्या कडेला काटकोनात धरल्या पाहिजेत, तिरप्या धरल्यात तर कोन खोटा येईल.

इथवर सगळं सरळ आहे. खरी अडचण पुढे आहे, आणि ती कुणीच तुम्हाला सांगितली नाही याचं मला थोडं नवल वाटतं. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत चॅबाझाइट नावाचा एक झिओलाइट सापडतो. तोही घनासारखा दिसतो, तोही घन नसतो, आणि त्याचे कोन साधारण 95 आणि 85. हे आकडे पूर्णांकांत आहेत; क्वार्ट्झपासून खरा फरक अर्ध्या अंशाचाच. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी तो कळणार नाही, कंपासपेटीच्या बापाला कळणार नाही. म्हणजे ॲपोफिलाइट आणि फ्लोराइटला बाद करायला कोन चालतो, चॅबाझाइटला बाद करायला कोन निरुपयोगी. त्याच्यासाठी कठीणता आणि वजन.

चॅबाझाइटची कठीणता 4 ते 5, तो काच कापत नाही. त्याची घनता 2.1 च्या आसपास, क्वार्ट्झची 2.65, फ्लोराइटची 3.2. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा धरला तर चॅबाझाइट 2.1 ग्रॅम, क्वार्ट्झ 2.65 ग्रॅम. हातात हा फरक कळत नाही आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावरही विश्वास ठेवू नका. देवरुखला किंवा संगमेश्वरला ओळखीच्या सोनाराकडे जा. सुटे, दगड न चिकटलेले खडे निवडा. एक लहान खडा घेण्यापेक्षा पाच-सहा एकत्र घेतलेले बरे. आधी कोरडे वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, खडे बारीक दोऱ्याच्या जाळीत बांधून पाण्यात पूर्ण बुडतील पण तळाला टेकणार नाहीत असे लोंबकळत धरा, आणि काट्यावर वाढलेलं वजन वाचा. कोरड्या वजनाला या वाढलेल्या वजनाने भागा. समजा कोरडं वजन 15.9 ग्रॅम आणि वाढ 6.0 ग्रॅम, तर उत्तर 2.65. खड्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकून टाका, नाहीतर उत्तर कमी येतं. सोनाराला ही पद्धत बहुधा माहीत असेल.

चॅबाझाइटची आणखी एक खूण डोळ्यांनी दिसते. त्याचे दोन स्फटिक एकमेकांत घुसून वाढायची सवय आहे. एका ठोकळ्याच्या पैलूतून दुसऱ्याचा कोपरा डोकं वर काढतो. तुमच्या फोटोंत असं कुठेही दिसलं नाही. नसणं हा पक्का पुरावा नव्हे, पण मनावरचं ओझं थोडं कमी होतं.

मग ‘बहुधा’ का? कारण कठीणता कातडीची मोजली जाते, अंगाची नाही. पोकळीत आधी चॅबाझाइट किंवा कॅल्साइट वाढला, नंतर सिलिकाचं पाणी आलं आणि त्याने त्या स्फटिकावर क्वार्ट्झचा पातळ थर चढवला, असं होतं. पुढे आतला मऊ स्फटिक विरघळून गेला तर पोकळ पेटी उरते. किंवा आतला स्फटिक हळूहळू जाऊन त्याच्या जागी सिलिकाच भरते; आकार एकाचा, द्रव्य दुसऱ्याचं. तिन्ही प्रसंगांत काच ओरखडली जाईल. तिन्ही प्रसंगांत तुम्ही म्हणाल, क्वार्ट्झ. तेही खोटं नाही, पण त्याला स्यूडोक्युबिक क्वार्ट्झ म्हणता येत नाही, कारण तो चौकोनी आकार क्वार्ट्झचा स्वतःचा नाही, उसना आहे. संग्राहकांच्या दृष्टीने दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत. मला स्वतःला उसन्या आकाराचे नमुने जास्त आवडतात, कारण त्यांत पोकळीचा अख्खा इतिहास एका खड्यात वाचता येतो, पण तो आवडीचा भाग झाला.

हे ठरवायला खड्याची तुटकी बाजू बघावी लागते, आणि तुम्ही पाठवलेल्या पाचही फोटोंत सगळे खडे देखण्या बाजूनेच टिपले आहेत. सुरुंगाने तुटलेला एखादा तुकडा नक्की असेल. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणा, घड्याळजीकडेही मिळतं. डोळ्याला भिंग अगदी चिकटवून खडा भिंगाजवळ आणायचा. खडा दूर धरून भिंग पुढेमागे केलंत तर काहीच स्पष्ट दिसत नाही. तुटलेल्या जागी काचेची बाटली फुटल्यावर दिसतो तसा वळणदार, शिंपल्याच्या रेषांसारखा भंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग दिसला, तर आत-बाहेर एकच स्फटिक आहे. बाहेर चकचकीत सालपट आणि आत पांढरा भुसभुशीत गाभा किंवा सरळ पायऱ्यांसारखे फुटलेले पापुद्रे दिसले, तर वर कातडी आणि आत दुसरंच. आत सगळं रवाळ किंवा मेणचट दिसलं, तर भरणा.

तुटका तुकडा नसेल तर उन्हाचा उपयोग करा. सकाळच्या तिरप्या उन्हात खडा बोटांत हळू फिरवा. एकसंध स्फटिकाचा पैलू आरशासारखा एकदम चमकतो आणि एकदम विझतो. बारीक स्फटिकांची कातडी असेल तर पैलूभर ठिपके लुकलुकतात, कधी हा, कधी तो. तिसऱ्या फोटोत ज्या त्रिकोणी पैलूवर उजेड चमकून गेलाय म्हटलं, तो सबंध चमकलाय, ठिपक्याठिपक्यांनी नव्हे. म्हणून माझा कौल एकसंध स्फटिकाकडे झुकतो. पण एका फोटोवरून छातीठोक सांगणार नाही.

अर्धपारदर्शक खडा असेल तर अजून एक करता येतं आणि मुलांना ते फार आवडतं. लॅपटॉपचा पडदा पांढरा करा, पोलराइज्ड गॉगलची एक काच त्याच्यासमोर धरून ती फिरवा. एका ठिकाणी पडदा काळा होईल. त्या स्थितीत काच आणि पडदा यांच्यामध्ये खडा धरा आणि खडा फिरवा. फ्लोराइट काळाच राहतो. क्वार्ट्झ उजळतो, पातळ कडांवर रंगही दिसतात. एकच स्फटिक असेल तर सगळा खडा एकत्र उजळतो-मंदावतो, अनेक कणांचा असेल तर गोधडीसारखे तुकडे वेगवेगळे उजळतात.

झिओलाइटचा संशय अजूनही मनात राहिला तर शेवटची जुनी चाचणी. शाळेच्या प्रयोगशाळेतली कोरडी परीक्षानळी घ्या, तिच्या तळाशी त्या खनिजाचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा बारीक करून टाका आणि तळ स्पिरिटच्या दिव्यावर तापवा. झिओलाइटच्या अंगात पाणी असतं, ते सुटून नळीच्या वरच्या गार भागावर बारीक थेंब धरतं. क्वार्ट्झ कोरडा राहतो. ॲपोफिलाइटही पाणी सोडतो, तेव्हा ही चाचणी या दोघांत भेद करणार नाही. स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेटने 1756 साली झिओलाइटांचा वेगळा वर्ग केला तो अशाच तापवण्यावरून. मोठा तुकडा तापवू नका, फुटून डोळ्यात जातो. शिक्षक सोबत असू देत.

तुम्ही विचारलंत की क्वार्ट्झ असा का वाढतो. साधं तत्त्व असं की जो पैलू सावकाश वाढतो तोच शेवटी मोठा होतो. भरभर वाढणारे पैलू स्वतःच संपून जातात. नेहमीच्या क्वार्ट्झमध्ये दांड्याचे पैलू सगळ्यात सावकाश वाढतात म्हणून दांडा उठून दिसतो. पाण्याचं तापमान, त्यातली सिलिका, पैलूंवर चिकटणारी इतर द्रव्यं बदलली की ही गती बदलते आणि दुसरेच पैलू सावकाश होतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत पेकोस नदीच्या काठी जिप्समच्या थरांत असे घनासारखे क्वार्ट्झ सुटे सापडतात आणि तिथले लोक त्यांना चक्क ‘पेकोसचे हिरे’ म्हणतात. वाडीतल्या मंडळींना हे जरूर सांगा. तिथला खडक आणि आपला बेसॉल्ट यांचा काही संबंध नाही, इतकं लक्षात ठेवून.

तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्याचा याच्याशी संबंध असेल का, असंही तुम्ही लिहिलं आहे. गरम पाण्यात सिलिका जास्त विरघळते हे खरं, पण पोकळ्या भरण्याचं काम फार पूर्वीचं आहे. आजच्या कुंडातल्या पाण्याने तुमचे खडे घडवले असं म्हणायला काही आधार दिसत नाही.

जाता जाता एक महत्त्वाचं: ही सगळी चर्चा पोकळी काळ्या दगडात होती म्हणून चालली. हेच खडे वरच्या जांभ्यात किंवा सड्यावर मातीत सुटे सापडले असते तर मी वेगळ्या वाटेने गेलो असतो. दगड कुजून जांभा होताना झिओलाइट, कॅल्साइट टिकत नाहीत. अकीक आणि गारगोट्या तेवढ्या मागे राहतात. तिथे सापडलेला चौकोनी खडा उसन्या आकाराचा असण्याचा संशय मी आधी घेईन. आणि खाली सिंधुदुर्गात, कणकवलीकडे सरकलात की खडकच बदलतो. कासार्डे-फोंड्याकडचा सिलिकाचा वालुकाश्म, त्याखालचे जुने नाइस आणि शिस्ट, म्हणजे दाबाने-उष्णतेने रूप बदललेले खडक. तिथली गार फटींतून शिरांसारखी भरलेली असते, वायूच्या पोकळ्यांत नव्हे. सावंतवाडीच्या कुणी चौकोनी पारदर्शक खडा दाखवला तर चॅबाझाइटचं नाव माझ्या यादीत नसेल. म्हणून खडा विचारण्याआधी मी नेहमी विचारतो, कुठल्या दगडातून निघाला? खड्याला चिकटलेला काळ्या दगडाचा कपचा लोक साफसफाईत काढून टाकतात. तो ठेवा. ओळख पटवताना तोच अर्धा साक्षीदार.

साफसफाईवरून आठवलं. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. क्वार्ट्झला ते काही करणार नाही, पण त्याच पोकळीत बाजूला झिओलाइट किंवा कॅल्साइट असेल तर तो गेला म्हणून समजा. आणि तुमच्या पहिल्या फोटोत डावीकडे जो पांढरा पंख्यासारखा पुंजका आहे तो मला स्टिल्बाइट वाटतो. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ दातांचा जुना ब्रश. तांबूस गंज राहिला तर राहू द्या. मोठा, पोकळीसकटचा तुकडा हातोडीने ‘नीट’ करायला जाऊ नका. खडे सुटे झाले की त्यांची निम्मी माहिती जाते. शिवाय कोरड्या गारेची धूळ छातीला वाईट. कापायचाच झाला तर पाणी सोडून कापणाऱ्याकडून कापून घ्या.

किमतीबद्दल: कुणी घरी येऊन मोठी रक्कम देऊ केली तर घाई करू नका, आणि कुणी दिली नाही तर निराशही होऊ नका. बाजारात मोठा, स्वच्छ, हिरवा ॲपोफिलाइट लोकांना लगेच कळतो. राखाडी घनासारखा क्वार्ट्झ फक्त जाणकाराला कळतो. वास्तुदोष, ऊर्जा वगैरे सांगून घेणारे-विकणारे दोन्ही भेटतील, त्यांच्याशी माझा काही व्यवहार नाही. खात्रीचं नाव हवं असेल तर क्ष-किरण विवर्तनाची, म्हणजे पुडीवर क्ष-किरण सोडून खनिज ओळखण्याची, चाचणी करून घ्या. मुंबईच्या आयआयटीचा भूविज्ञान विभाग किंवा पुणे विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग यांच्याशी आधी पत्राने बोला. त्यासाठी चिमूटभर पूड पुरते. फक्त एक ध्यानात घ्या: ती चाचणी द्रव्य सांगेल, आकार स्वतःचा की उसना हे सांगणार नाही. त्यासाठी पुन्हा तुटकी बाजू आणि भिंगच.

तेव्हा मला पुढच्या वेळी तीन गोष्टी पाठवा. तुटक्या बाजूचा जवळून फोटो, उन्हात आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. सोनाराकडची दोन वजनं. आणि पोकळी जमिनीपासून साधारण किती खाली आणि दगडाच्या कुठल्या थरात होती ते. वर-खाली लाल मातीचा पट्टा लागला असेल तर तेही, कारण तो दोन लाव्हाथरांमधली सीमा दाखवतो. हे आजच वहीत लिहा, खड्यांच्या डबीत तारीख आणि वाडीचं नाव घालून चिठ्ठी ठेवा. विहिरीला एकदा कडं घातलं की ती जागा पुन्हा दिसणार नाही.

अजून खडे काढायला मात्र सध्या विहिरीत उतरू नका. सुरुंगानंतरचा सैल दगड आणि मुरुमाची भिंत, दोन्ही पहिल्या पावसात सुटतात. कामावरची माणसं गाळ काढताना वर टाकतील तो ढिगारा चाळा, पोकळीचे उरलेले तुकडे त्यातच सापडतील.